निकोलस स्टेनो

गालगुंड हें दुखणें आपल्याकडील आयांना नवें नाहीं. मुलाच्या कानापाशीं सूज येते, तोंड उघडवत नाहीं, आणि चिंचेचें नुसतें नांव काढलें तरी जबड्यांत कळ उठते. सुजते ती लाळेची सर्वांत मोठी ग्रंथि. आणि चिंचेच्या आठवणीसरशी ती पाझरूं लागते म्हणूनच दुखते. ह्या ग्रंथींतील लाळ तोंडांत कोणत्या वाटेनें उतरते हें १६६० सालापर्यंत वैद्यांना धड ठाऊक नव्हतें. ज्यानें ती वाट दाखविली तो त्या वेळीं अवघ्या बावीस वर्षांचा, परदेशांत शिकावयास आलेला एक विद्यार्थी होता.

नील्स स्टेन्सन हें त्याचें डॅनिश नांव. त्या काळचे विद्वान लॅटिन भाषेंत लिहीत, त्यामुळें तो निकोलस स्टेनो ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. त्याचा जन्म डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें १६३८ च्या जानेवारींत झाला. बाप सोनार होता. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत मूल सारखें अंथरुणास खिळलेलें. बरोबरीच्या मुलांत खेळणें नशिबीं नाहीं, तेव्हां थोर माणसांचीं बोलणीं ऐकत पडून राहणें हाच त्याचा विरंगुळा. दुखण्यांतून उठतो न उठतो तोंच वडील वारले. पुढें शाळेंत असतांना शहरांत प्लेग आला. १६५६ सालीं विद्यापीठांत नांव दाखल झालें, आणि दोनच वर्षांनीं स्वीडनच्या सैन्यानें शहरास वेढा दिला. विद्यार्थ्यांनाही शहराच्या रक्षणासाठीं उभें राहावें लागलें. असल्या धामधुमींतही हा मुलगा जें वाचील तें वहींत टिपून ठेवी. त्याची १६५९ सालची वही अद्यापि जपून ठेवलेली आहे.

वेढा उठण्याच्या सुमारास तो हॉलंडांत ॲम्स्टरडॅम शहरीं गेला व गेरार्ड ब्लासियस नांवाच्या वैद्यशिक्षकाच्या घरीं राहूं लागला. ७ एप्रिल १६६० रोजीं त्यानें बाजारांतून मेंढीचें डोकें विकत आणलें आणि एकटाच तें चिरीत बसला. पाहावयाचा होता मेंदू. पण तत्पूर्वीं गालांतील नाड्या पाहाव्या म्हणून त्यानें सळई आंत घातली, तों ती एका मोकळ्या पोकळींत शिरली आणि पुढें सरकवतांच दांतांवर जाऊन खट्कन आपटली. गालांतून तोंडांत जाणारी ही नळी कोणत्याच ग्रंथांत सांगितलेली नव्हती. त्यानें गुरूला हांक मारली. गुरूनें आधीं सळई जोरानें खुपसली गेली असावी असें म्हटलें, मग ही निसर्गाची लहर असेल असें म्हटलें, आणि शेवटीं पुस्तकें उघडून पाहिलीं. पुस्तकांत कांहीं नव्हतें. थोड्याच दिवसांनीं स्टेनोनें कुत्र्याचें डोकें चिरून पाहिलें. तेथेंही नळी होतीच.

ही नळी म्हणजे काय, हें समजण्यास आपल्या शेतांतील विहीर डोळ्यांपुढें आणावी. विहिरींत पाणी पाझरतें आणि पाटानें तें वाफ्यापर्यंत जातें. ज्या ग्रंथींना असा पाट असतो त्यांस बहिःस्रावी ग्रंथि म्हणतात. लाळेच्या, अश्रूंच्या, घामाच्या आणि दुधाच्या ग्रंथी ह्या जातीच्या आहेत. ज्यांना पाट नसतो, ज्यांचा रस थेट रक्तांत मिसळतो, त्या अंतःस्रावी. सूक्ष्मदर्शकाखालीं लाळेची ग्रंथि पाहिली तर द्राक्षाचा घड पाहिल्यासारखें वाटतें. प्रत्येक मणी म्हणजे एका पोकळीभोंवतीं गोलाकार बसलेल्या पेशींचा पुंजका. मण्याचें देंठ म्हणजे बारीक नळी. देंठांस देंठ मिळून शेवटीं एक मोठी नळी होते. पेशी रक्तांतून पाणी व क्षार घेतात, रस तयार करून त्याचे सूक्ष्म कण आपल्या आंतल्या टोंकाशीं सांठवितात, आणि मज्जातंतूंचा हुकूम येतांच तो पोकळींत सोडतात. सर्वच ग्रंथी इतक्या काटकसरीनें वागत नाहींत. कातडीला तेल पुरविणाऱ्या ग्रंथींत अख्खी पेशीच फुटून रस होते. निरोगी मनुष्याच्या तोंडांत दिवसाकाठीं सुमारें १ ते १॥ लिटर लाळ येते. स्टेनोची नळी जवळजवळ ५ सेंटिमीटर लांब असून ती वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालांत उघडते. आरशासमोर तोंड उघडून गाल थोडा बाहेर ओढला तर तेथें एक बारीक उंचवटा दिसतो. जिभेवर लिंबाचा थेंब टाकून घटकाभर थांबावें. उंचवट्याच्या टोंकाशीं पाण्याचा थेंब जमतांना दिसेल.

इतकें सारें स्टेनोला दिसलें नव्हतें. घडाची बारीक रचना पुढें योहानेस म्युलर ह्या जर्मन पंडितानें १८३० सालीं सविस्तर दाखविली. परंतु ग्रंथीचा रस रक्तांतून वेगळा होतो आणि नळीवाटे बाहेर पडतो, हें मुख्य सूत्र स्टेनोच्या हातीं आलें होतें.

आतां ह्या शोधाची दुःखद बाजू. स्टेनो लायडन येथील विद्यापीठांत गेला. तेथील अध्यापक सिल्व्हियस ह्यानें ती नळी सर्वांसमक्ष दाखवून तिला शिष्याचेंच नांव दिलें. तें ऐकून ब्लासियसनें हा शोध आपलाच असल्याचें पुस्तकांत छापलें व शिष्यावर चोरीचा आळ घेतला. एका बाजूस मान्यता पावलेला शिक्षक, दुसऱ्या बाजूस परका पोर. स्टेनोनें शिवीगाळ केली नाहीं. कोपनहेगनच्या आपल्या जुन्या गुरूंना, टॉमस बार्टोलिन ह्यांना, त्यानें घडलेली हकीकत तारखेसह लिहून पाठविली. आणि ब्लासियसच्या वर्णनांत नळीचा आरंभ व शेवट दोन्ही बरोबर नाहींत, हें दाखवून दिलें. ज्याला वाट कोठें निघते तें ठाऊक नाहीं त्यानें ती शोधली कशी, ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. आजही जगांतील वैद्यकीय विद्यार्थी त्या नळीला स्टेन्सनची नळी म्हणतात. गुरूशीं वाद घालणें आपल्याकडे प्रशस्त समजत नाहींत. तथापि ह्या प्रकरणीं दोष शिष्याकडे देतां येईल असें मला वाटत नाहीं.

१६६२ सालीं त्यानें डोळे, नाक व तोंड ह्यांतील ग्रंथींवर पुस्तक लिहिलें. आंसवें मेंदूंतून गळतात अशी जुनी समजूत होती. आंसवें डोळ्याजवळील ग्रंथींतून येतात, डोळा ओला ठेवणें हें त्यांचें नित्याचें काम आहे, आणि उरलेलें पाणी नाकांत उतरतें, असें त्यानें सिद्ध केलें. रडतांना नाक वाहतें तें ह्यामुळेंच. दोन वर्षांनीं हृदय हा निव्वळ एक स्नायु आहे असें त्यानें प्रतिपादिलें. एवढें करूनही मायदेशीं त्याला अध्यापकाची जागा मिळाली नाहीं!

तो पॅरिसला, आणि तेथून १६६६ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं गेला. त्याच वर्षीं समुद्रांत सांपडलेल्या एका प्रचंड शार्क माशाचें डोकें तेथील राजानें त्याच्याकडे तपासावयास पाठविलें. माशाचे दांत आणि डोंगरांत सांपडणारे जिभेच्या आकाराचे दगड एकच दिसतात, हें पाहून त्याचें लक्ष खडकांकडे वळलें. १६६९ च्या त्याच्या ग्रंथांत खालचा थर आधींचा व वरचा नंतरचा हा नियम आहे. धाराशिवच्या लेण्यांचा काळा दगड किंवा बालाघाटाच्या कड्यांतील एकावर एक बसलेले लाव्हाचे थर ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाहीं.

१६६७ सालीं त्यानें लूथरचा पंथ सोडून रोमन कॅथॉलिक पंथ स्वीकारला. १६७५ मध्यें तो धर्मगुरु झाला आणि १६७७ मध्यें बिशप म्हणून उत्तर जर्मनींत गेला. शास्त्र जवळजवळ सुटलेंच. तत्त्ववेत्ता लायब्निट्झ ह्याला त्याची हळहळ वाटे; आपणांसही वाटते. पण स्टेनोला तशी वाटल्याचें दिसत नाहीं. अन्नवस्त्रांत तो भिकाऱ्यासारखा राहिला. गरिबांसाठीं त्यानें बिशपपदाची अंगठीही विकली असें चरित्रकार सांगतात. म्युन्स्टर येथें बिशपाच्या निवडणुकींत पैशाचा व्यवहार झालेला पाहून १६८३ सालीं त्यानें तें ठिकाण सोडलें. पुढें हॅम्बुर्ग व श्वेरीन येथें थोड्याशा लोकांची सेवा करीत असतां पोटशुळाच्या दुखण्यानें तो खंगत गेला, आणि ५ डिसेंबर १६८६ रोजीं, वयाच्या अट्ठेचाळिसाव्या वर्षीं, श्वेरीन येथें वारला. फ्लॉरेन्सच्या राजानें त्याचें शव मागवून घेतलें व सान लोरेंझोच्या देवळांत त्याला जागा दिली. १९८८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्याला धन्य म्हणून घोषित केलें.