जिममध्ये दंडाला पट्टी बांधून व्यायाम करतात, त्यामागचा खेळ या डॉक्टरनं 400 वर्षांपूर्वीच ओळखलेला

रील्स बघताना एक सीन दिसला असेल. दंडाला घट्ट पट्टी बांधायची आणि हलकं डंबेल मारायचं. याला ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन ट्रेनिंग म्हणतात. पण पट्टीखाली रक्ताचं नेमकं होतं काय?

याचं उत्तर शोधलं विल्यम हार्वेनं.

1578 साली इंग्लंडच्या फोकस्टनमध्ये जन्मलेला हार्वे डॉक्टरकी शिकायला इटलीतल्या पदुआला गेला. तिथले त्याचे गुरू फॅब्रिसियस यांना शिरांमध्ये छोट्या झडपा दिसल्या होत्या. पण त्यांचं खरं काम कुणालाच कळलं नव्हतं.

तेव्हा सगळे गेलनचं ऐकायचे. म्हणजे, यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून टाकतं. हे जवळपास 1400 वर्षं चाललेलं.

हार्वेनं साधा हिशोब मांडला. हृदय अर्ध्या तासात जितकं रक्त ढकलतं, तितकं अख्ख्या शरीरातही नसतं. मग रोज नवं बनणार कुठून? म्हणजे तेच रक्त फिरतंय.

पुराव्यासाठी त्यानं दंड बांधला. घट्ट आवळल्यावर मनगटाची नाडी गेली, हात गार पडला. बंध थोडा सैल केला तर नाडी परत आली, पण हात सुजला, शिरा टरारून फुगल्या. खोलवरच्या धमनीतून रक्त आत येत होतं, वरच्या शिरांतून परत जायची वाट मात्र बंद होती. जिममधली पट्टीही हेच करते.

1628 मध्ये त्याचं पुस्तक आलं. राजाचा डॉक्टर असूनही लोकांनी त्याला वेड्यात काढलं, प्रॅक्टिस बसली. 1642 च्या यादवी युद्धात त्याचे कागद लुटले गेले.

धमनीतलं रक्त शिरांत जातं कसं, हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही. 1657 मध्ये तो गेला. चारच वर्षांनी माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या.

पुढे 1937 मध्ये आलम आणि स्मर्क यांनी हात-पाय आवळून लोकांकडून व्यायाम करून घेतला. व्यायाम थांबला तरी बंध सोडेपर्यंत बीपी चढलेलंच राहिलं. रक्तप्रवाह अडल्यामुळे स्नायूच बीपी वाढवायचा सिग्नल देत होते.

त्यामुळे बीपीचा त्रास असेल, तर रील बघून पट्टी आवळू नका. आधी डॉक्टरांना विचारा.