र. धों. कर्वे : ज्ञान दिले म्हणून दंड!

चिपळूणहून खेड ओलांडले की दापोली तालुका लागतो. तिथले मुरुड हे कर्वे घराण्याचे गाव. शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. या दोन गावांची दोन माणसे १९३४ साली मुंबईच्या कोर्टात एकाच बाजूला उभी राहिली. एक आरोपी, दुसरा त्याचा बॅरिस्टर. आरोपीचे नाव प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे. हा इतिहास आमच्या किती तरुणांना ठाऊक आहे?

रघुनाथराव १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मले. वडील महर्षी धोंडो केशव कर्वे. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा हा मुलगा अवघा नऊ वर्षांचा होता. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. परंतु संततिनियमनाचा उघड पुरस्कार केला म्हणून मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. ते डगमगले नाहीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. पत्नी मालतीबाईंची त्यांना खंबीर साथ होती. दोघांनी विचारपूर्वक अपत्य होऊ दिले नाही.

गर्भ नको असेल तर काय करावे, गुप्तरोगांपासून कसे वाचावे, हे त्यांनी साध्या मराठीत पुस्तके लिहून सांगितले. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवीत, रघुनाथराव शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. सनातन्यांना हेच खुपले. १९३१ साली पहिला खटला झाला व दंड बसला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून! यावेळी बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक प्रश्नावर लिहिले की ते अश्लीलच, हे त्यांनी मान्य केले नाही. विचारण्याचा वाचकाला आणि उत्तर देण्याचा लेखकाला हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, रघुनाथरावांना २०० रुपये दंड झाला.

आम्ही वकिली करतो, म्हणून कायद्यातली एक गंमत सांगतो. त्यावेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मधून मंदिरावरची शिल्पे आणि धार्मिक कामासाठी बाळगलेली पुस्तके वगळलेली होती. शास्त्र, लोकहित यांना मात्र सूट नव्हती! ती १९६९ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे देवळाच्या भिंतीवर जे चालत होते, ते डॉक्टरी भाषेत छापले की गुन्हा होत होता.

कोर्टात हरले तरी बाबासाहेबांनी हा प्रश्न सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यावरचे भाषण बाबासाहेबांचे होते. स्त्रीचे आरोग्य आणि गरिबाचा संसार हा त्याचा गाभा. ठराव फेटाळला गेला.

आज परिस्थिती बदलली आहे. १९६८ पासून सरकारनेच 'निरोध' घरोघरी पोचविला. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर संसर्ग टाळण्याच्या उपायांना गुन्हा ठरविता येणार नाही, असे संरक्षण दिले. कायदा सुधारला, पण लाज सुटली का? आमच्या कोकणातला चाकरमानी शिमग्याला, गणपतीला गावी येतो. त्याच्या बायकोने निरोधचे नाव काढायचे कसे? तिने विचारले तर तिच्याच चारित्र्यावर बोट! आणि आजार घरात आला की दोष पुन्हा तिलाच.

रघुनाथराव आज असते तर आडपडदा न ठेवता सांगते झाले असते. पाकिटावरची मुदत पाहा. पाकीट दातांनी, कात्रीने फाडू नका. प्रत्येक वेळी नवा निरोध घ्या आणि अंगाला अंग लागण्यापूर्वी, लिंग ताठ असतानाच चढवा. टोक चिमटीत धरून हवा काढा व मुळापर्यंत उलगडा. खोबरेल, व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फाटते. दोन निरोध एकावर एक घालू नका. काम झाल्यावर ताठरपणा जाण्यापूर्वी कडा धरून बाहेर या. निरोध गाठ मारून कागदात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका. फाटला तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितके, सरकारी दवाखाना गाठा. गर्भ व एचआयव्ही या दोहोंसाठी औषध आहे.

एवढे नीट पाळले तर वर्षभरात १०० पैकी सुमारे २ स्त्रियांना गर्भ राहतो. हयगय केली तर सुमारे १३ जणींना. गर्भनिरोधाच्या साधनांपैकी गर्भ आणि रोग दोन्ही रोखणारे साधन हेच.

बुद्धांनी विचारून, तपासून स्वीकारायला शिकविले. बाबासाहेबांनी विचारणाऱ्याचा हक्क कोर्टात मांडला. आपल्या विहारांत, महिला मंडळांत, तरुणांच्या बैठकांत हा विषय मोकळेपणाने निघाला पाहिजे. ज्या उत्तरांसाठी रघुनाथरावांनी दंड भरला, ती आज फुकट मिळतात. ती न घेणे आपल्याला परवडणार नाही.