मुठीतले साम्राज्य आणि कराचा बोजा

हेवीवेट मुष्टियुद्धाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ वीर कोण, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने रंगतो आणि बहुधा महंमद अलीच्या नावापाशी येऊन थांबतो. ‘द रिंग’ या मुष्टियुद्धाला वाहिलेल्या नियतकालिकाने १९९८ मध्ये पन्नास हेवीवेट वीरांची क्रमवारी लावली, तेव्हा अली पहिला आणि जो लुई दुसरा होता. मात्र याच नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वात जबर ठोसे लगावणाऱ्या शंभर जणांची यादी केली तेव्हा अग्रस्थान लुईला मिळाले. पुढे २००५ मध्ये मुष्टियुद्धाच्या इतिहास संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही अलीला मागे सारून लुईलाच हेवीवेटमध्ये पहिला मानले. लुईचा दावा एका विक्रमावर भक्कम उभा आहे. जगज्जेतेपद त्याने ११ वर्षे ८ महिने आपल्याकडे ठेवले आणि तब्बल २५ वेळा राखले. त्याच्यानंतर एकाही हेवीवेट विजेत्याला सलग राजवटीत तिथवर पोहोचता आलेले नाही.

जोसेफ लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामातील लफायेट गावाजवळ झाला. आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले, आईवडील कापसाच्या शेतात राबणारे आणि घरात आठ भावंडे. वडिलांना तो लहान असतानाच मनोरुग्णालयात ठेवावे लागले. आईने दुसरा विवाह केला आणि १९२६ मध्ये हे कुटुंब दक्षिणेतील वर्णद्वेषाला कंटाळून डेट्रॉइटला आले. मुलाने व्हायोलिन शिकावे, अशी आईची इच्छा होती. तिने त्यासाठी दिलेले पैसे मुलगा व्यायामशाळेत खर्च करीत असे. १९३४ मध्ये त्याने राष्ट्रीय हौशी स्पर्धेत लाइट हेवीवेट गटाचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी ४ जुलैला शिकागोत व्यावसायिक आखाड्यात पाऊल टाकले. पहिला प्रतिस्पर्धी पहिल्याच फेरीत गारद झाला.

त्याचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, तसेच प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न हे तिघेही कृष्णवर्णीय होते. त्यांच्यासमोर खरी अडचण होती ती जॅक जॉन्सनच्या आठवणीची. जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. त्याच्या बेदरकार वागण्याचा राग गोऱ्या अमेरिकेने मनात धरला होता आणि १९१५ मध्ये त्याचे विजेतेपद गेल्यापासून कोणाही कृष्णवर्णीय हेवीवेटला त्या किताबासाठी लढूच दिले नव्हते. त्यामुळे लुईला आचरणाचे कडक नियम घालून देण्यात आले. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घ्यायचे नाही, नाइट क्लबमध्ये एकट्याने जायचे नाही. चेहरा निर्विकार ठेवणारा हा तरुण अनेकांना मंद वाटला. तो मुखवटा होता, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

१९३५ मध्ये त्याने प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी जगज्जेत्यांना लोळवले. बेअरबरोबरच्या लढतीच्या दिवशीच, आखाड्यात उतरण्याआधी, त्याने मार्व्हा ट्रॉटरशी लग्न उरकले होते. मग आला १९ जून १९३६ चा दिवस. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने लुईच्या लढतींचे चित्रपट बारकाईने पाहून एक दोष हेरला होता: डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुई तो हात खाली सोडतो. त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा हात पुनःपुन्हा आत घुसला आणि बाराव्या फेरीत लुई नॉकआऊट झाला. व्यावसायिक कारकीर्दीतला हा त्याचा पहिलाच पराभव. नाझी प्रचारयंत्रणेने त्याचे वांशिक श्रेष्ठत्वाच्या पुराव्यात रूपांतर केले.

पुढच्याच वर्षी, २२ जून १९३७ रोजी, शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत बाद करून लुई जगज्जेता झाला. पहिल्या फेरीत तो स्वतः खाली पडला होता, हेही नोंदवायला हवे. पण श्मेलिंगचा हिशेब चुकता होईपर्यंत हा किताब त्याला अपुरा वाटत होता. बरोबर वर्षाने यांकी स्टेडियमवर सुमारे ७० हजार प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हा भेटले. ऑस्ट्रिया हिटलरने गिळंकृत केला होता आणि एरवी कृष्णवर्णीयांना दुय्यम मानणारी गोरी अमेरिकाही त्या रात्री लुईच्या पाठीशी उभी राहिली. लढत २ मिनिटे ४ सेकंदांत आटोपली. श्मेलिंग तीनदा कोसळला आणि बरगड्यांजवळ बसलेल्या ठोशाने त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. श्मेलिंग स्वतः नाझी नव्हता. त्याचा व्यवस्थापक ज्यू होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना लपवून ठेवले होते.

लुईला विरोधक दुबळे मिळाले, असा आक्षेप क्रमवारीच्या चर्चेत हमखास निघतो. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्याने सात वेळा किताब पणाला लावला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यातल्या बहुतेक प्रतिस्पर्ध्यांची थट्टाच केली. पण त्या मालिकेतला शेवटचा बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर दोन परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर पुढे होता. तेराव्या फेरीत कॉन धीर धरून राहता, तर इतिहास बदलला असता. तो भिडायला गेला आणि बाद झाला. विजेतेपद महिन्यागणिक पणाला लावण्याची हिंमत नंतरच्या कोणत्या जगज्जेत्याने दाखवली, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांना विचारायला हरकत नाही.

१९४२ च्या जानेवारीत बडी बेअरविरुद्धची आपली कमाई त्याने नौदलाच्या मदतनिधीला दिली आणि तो लष्करात साधा शिपाई म्हणून भरती झाला. मार्चमधील एब सायमनविरुद्धची कमाई लष्कराच्या निधीला गेली. युद्धकाळात त्याने शंभरच्या आसपास प्रदर्शनीय लढती केल्या. फोर्ट रायली येथे जॅकी रॉबिन्सनसह इतर कृष्णवर्णीय जवानांना अधिकारी प्रशिक्षणाची दारे उघडावीत म्हणून त्याने आपले वजन खर्ची घातले. पुढे बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारा रॉबिन्सन तो हाच.

या दानशूरपणाचे फळ विचित्र मिळाले. दान केलेल्या रकमाही प्राप्तिकर खात्याने त्याचे उत्पन्न म्हणून धरल्या. त्यात उधळपट्टी, हिशेबातील गलथानपणा, फसलेले व्यवसाय आणि सढळ हाताची सवय यांची भर पडली. मंदीच्या काळात आपल्या कुटुंबाला मिळालेली सरकारी मदतही त्याने पुढे परत केली होती. असा माणूस कर चुकवू पाहत होता असे म्हणणे कठीण आहे. १ मार्च १९४९ रोजी त्याने अपराजित जगज्जेता म्हणून निवृत्ती घेतली, पण थकबाकी पाच लाख डॉलरच्या पुढे गेल्याने त्याला पुन्हा आखाड्यात उतरावे लागले. १९५० मध्ये एझार्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरवले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. लहानपणापासून त्याला आदर्श मानणाऱ्या मार्सियानोला त्या रात्री रडू आवरले नाही. ६९ लढती, ६६ विजय, त्यांतील ५२ नॉकआऊट. कारकीर्द तिथे संपली.

कर मात्र संपला नाही. १९५३ मध्ये आई वारली, तेव्हा तिने मुलासाठी ठेवलेले ६६७ डॉलरही कर खात्याने जमा करून घेतले. १९५६ मध्ये पोटासाठी तो कुस्तीच्या फडात उतरला. दशक सरताना देणे दहा लाख डॉलरवर गेले होते. अखेर साठच्या दशकात, चालू उत्पन्नाच्या प्रमाणात वसुली करण्याची तडजोड खात्याने मान्य केली. पुढे अमली पदार्थ आणि मानसिक आजार यांनी त्याला ग्रासले आणि १९७० मध्ये पत्नी व मुलाने त्याला डेन्व्हरच्या रुग्णालयात दाखल केले. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी त्याला मिळाली होती. १९७७ मधील हृदयशस्त्रक्रियेनंतर तो चाकाच्या खुर्चीला खिळला.

या साऱ्या काळात त्याच्या मदतीला धावून आलेल्यांत श्मेलिंग होता. महायुद्धानंतर व्यवसायात स्थिरावलेला हा जर्मन १९५४ मध्ये अमेरिकेत येऊन लुईला भेटला आणि दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

११ एप्रिल १९८१ च्या रात्री सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक यांची लढत पाहायला लुई खुर्चीत बसून आला होता. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीच्या नियमांत तो बसत नव्हता. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नियम शिथिल केल्याने त्याला तिथे लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. अंत्यविधीच्या खर्चाचा काही वाटा श्मेलिंगने उचलला.