चित्रांनी शिकविणारा गुरू

सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपातील शाळांत मुलांना लॅटिन भाषा शिकवीत. अर्थ कळो वा न कळो, व्याकरणाचे नियम घोकावयाचे आणि चुकले की छडी खावयाची, अशी रीत होती. ही रीत पालटण्यासाठी जन्मभर झटलेला थोर शिक्षक म्हणजे जॉन आमोस कोमेनियस.

त्याचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात आहे. बालपणीच त्याचे आईवडील वारले. त्याच्या शिक्षणाची हेळसांड झाली आणि लॅटिन शाळेत जावयास सोळावे वर्ष उजाडले. तेथील रूक्ष शिक्षण त्याने जाणत्या वयात सोसले. म्हणूनच त्यातील दोष त्याच्या मनावर ठसले.

पुढे तो शिक्षक व धर्मोपदेशक झाला. पण १६१८ साली तीस वर्षांचे युद्ध पेटले. साथीच्या रोगाने त्याची पत्नी व दोन मुले हिरावून नेली. धर्ममतांसाठी छळ होऊ लागला, तेव्हा १६२८ साली त्याने मायभूमी सोडली.

परदेशातही त्याने शिकविण्याचे व्रत सोडले नाही. वस्तू डोळ्यांनी पाहावी आणि मग तिचे नाव शिकावे, असे त्याचे मत होते. परंतु प्रत्येक वस्तू वर्गात कशी आणावी? हंगेरीतील शाळेत शिकवीत असताना त्याने यावर उपाय योजला. त्याने चित्रांचे पुस्तक रचले.

त्यात सुमारे दीडशे पाठ होते. चित्रातील वस्तूंना आकडे दिलेले असत आणि तेच आकडे शेजारच्या लॅटिन व जर्मन शब्दांवर असत. आकडा पाहून मूल वस्तू ओळखी आणि शब्द वाची. कावळा, कोकरू यांच्या आवाजांवरून अक्षरे शिकविली होती. सद्गुणांनाही चित्रे होती. उद्योगाचा धडा मुंगी देई. छडीचे काम चित्राने केले!

१६५६ साली पोलंडमधील लेश्नो गावी युद्धाच्या आगीत त्याचे घर जळाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ खपून तयार केलेला शब्दकोश भस्मसात झाला. तरीही तो खचला नाही. दोनच वर्षांनी, १६५८ साली, न्यूरेंबर्ग येथे त्याचे चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अनेक भाषांत त्याची रूपांतरे झाली आणि कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

१६७० साली अ‍ॅमस्टरडॅम येथे कोमेनियसने देह ठेवला. त्याचा जन्मदिवस चेक प्रजासत्ताकात व स्लोव्हाकियात शिक्षकदिन म्हणून पाळतात. युद्धाने त्याचे घरदार नेले. परंतु मुलांच्या हाती त्याने दिलेली चित्रे कोणालाही हिरावून घेता आली नाहीत.