हुआन दे गाराय
हुआन दे गाराय (इ.स. १५२८च्या सुमारास – २० मार्च, इ.स. १५८३) हा दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश सेनानी, शासक व नगरसंस्थापक होता. आर्जेन्टिनाच्या सांता फे प्रांताची राजधानी असलेले सांता फे शहर त्याने वसवले, तसेच ओस पडलेल्या बुएनोस आइरेसची पुनर्स्थापना केली.

पूर्वायुष्य
गारायचा जन्म उत्तर स्पेनमध्ये झाला. इ.स. १५४३ साली, लहान वयातच, तो आपला नातलग पेद्रो ओर्तिस दे साराते याच्याबरोबर पेरूकडे निघाला. इ.स. १५६१मध्ये सांता क्रुझ दे ला सिएरा या शहराच्या स्थापनेत त्याने भाग घेतला. इ.स. १५६८मध्ये तो असुन्सियोन येथे स्थायिक झाला.

सांता फेची स्थापना
असुन्सियोनहून समुद्राकडे जाणारा जलमार्ग पाराना नदीतून होता, परंतु इ.स. १५४१मध्ये बुएनोस आइरेस सोडून दिल्यापासून त्या वाटेवर स्पॅनिशांचे ठाणे उरले नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी गारायने १५ नोव्हेंबर, इ.स. १५७३ रोजी पारानाच्या सान हाव्हिएर या फाट्याकाठी सांता फे वसवले. त्याच्या सुमारे ८० सोबत्यांपैकी बहुतेक जण स्पॅनिश पिता व ग्वारानी माता यांची मुले होती. याच सुमारास कोर्दोबाचा संस्थापक हेरोनिमो लुईस दे काब्रेरा यानेही या नदीकाठावर हक्क सांगितला होता.

बंड व मृत्यू
११ जून, इ.स. १५८० रोजी गारायने बुएनोस आइरेस पुन्हा वसवले. तेथील जमिनी आणि मूळ रहिवाशांचे श्रम त्याने वसाहतकऱ्यांना वाटून दिले. त्याच वर्षी सांता फेमध्ये मिश्रवंशीय वसाहतकऱ्यांनी बंड केले. नगर उभारण्यात त्यांचा वाटा मोठा असूनही अधिकारपदे स्पॅनिशांकडेच जात, हे त्यामागील एक कारण होते. बंड लवकरच मोडून काढण्यात आले व त्याचे म्होरके मारले गेले. इ.स. १५८३मध्ये बुएनोस आइरेसहून सांता फेकडे जात असताना नदीकाठच्या मुक्कामावर मूळ रहिवाशांनी रात्री केलेल्या हल्ल्यात गाराय मारला गेला.

वारसा
पूर व हल्ले यांमुळे इ.स. १६५० ते १६६०च्या दरम्यान सांता फे दक्षिणेकडील सध्याच्या जागी हलवण्यात आले. जुन्या नगराचा काही भाग नदीने गिळला. इ.स. १९४९मध्ये आगुस्तिन सापाता गोयान यांनी कायास्ता येथे सुरू केलेल्या उत्खननात उरलेले अवशेष उजेडात आले.