कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर हे नाव घेताच अंबाबाईचे देऊळ, रंकाळा तलाव आणि खासबागेतील कुस्त्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या शहराला आणखी एक वैभव लाभले होते. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने मल्लांच्या जोडीला गवई, नट आणि चित्रकारही येथे नांदत होते. अल्लादियाखाँसारखे थोर गायक येथे होते, तसेच आबालाल रहिमान यांच्यासारखे निसर्गाचे निस्सीम उपासक चित्रकारही येथेच होते. अशा या कलानगरीत ३ जून १८९० रोजी बाबूरावांचा जन्म झाला.

त्यांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे कुशल कारागीर होते. सुतारकाम, कोरीवकाम, मूर्तिकाम या साऱ्या कला घरातच असल्यामुळे हातोडी, छिन्नी आणि कुंचला यांच्याशी बाबूरावांचा परिचय लहानपणीच झाला. चित्रकलेचे शिक्षण देणाऱ्या कोणत्याही शाळेत ते गेले नाहीत. पाहावे, करून पाहावे, चुकले तर मोडून पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा होती. या शाळेत त्यांचा एक सहाध्यायी होता, तो म्हणजे आनंदराव मेस्त्री.

आनंदराव नात्याने बाबूरावांचे बंधू. परंतु नात्यापेक्षा त्यांची मैत्रीच अधिक जवळची होती. दोघांना एकच छंद, दोघांचा एकच व्यवसाय. तो काळ संगीत नाटकांच्या भरभराटीचा होता. राजवाडा, उपवन, अरण्य, रस्ता अशी स्थळे मोठमोठ्या पडद्यांवर रंगवून ती रंगभूमीवर लावीत असत. पडदा पाहताच प्रेक्षकांना आपण खरोखरच त्या स्थळी आलो आहोत असे वाटले पाहिजे, हे चित्रकाराचे कौशल्य. आनंदराव आणि बाबूराव या कामात इतके निष्णात झाले की नामवंत नाटक मंडळ्या त्यांच्याकडून पडदे रंगवून घेऊ लागल्या. त्यांत कोल्हापूरच्याच केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ मंडळीही होती. लोक या जोडीला पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

इ. स. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट मुंबईत झळकला. आपल्या देशातील माणसाने, आपल्या पुराणातील कथेवर तयार केलेला हा चित्रपट पाहून या दोघा मित्रांच्या मनाने एकच ध्यास घेतला. आजवर त्यांनी रंगविलेली झाडे कधी हलली नव्हती आणि नद्या कधी वाहिल्या नव्हत्या. आता चित्रच चालू-बोलू लागावे, निदान चालू लागावे, असे त्यांना वाटू लागले. त्यासाठी कॅमेरा हवा होता. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. तेव्हा तो आपणच तयार करावयाचा, असा त्यांनी निश्चय केला!

चलच्चित्राचा कॅमेरा करणे म्हणजे काही साधी पेटी बनविणे नव्हे. फिल्मच्या लांब पट्टीवर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे उमटवावी लागत. त्यासाठी पट्टी चित्रापुरती पुढे सरकली पाहिजे, क्षणभर अगदी स्थिर राहिली पाहिजे आणि पुन्हा सरकली पाहिजे. ती सरकत असताना झडप बंद, ती थांबली की झडप उघडी, हा मेळ केसभरही चुकता कामा नये. चुकला तर चित्र पुसट होते किंवा पट्टीच फाटते. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर, म्हणजे चित्रपट दाखविण्याचे यंत्र, विकत आणले. पट्टी थांबवीत थांबवीत पुढे नेण्याची युक्ती या यंत्रातही असते. ती नीट उमजली म्हणजे कॅमेऱ्याचे निम्मे कोडे सुटले. जुळणीच्या कामात आनंदराव रात्रंदिवस गढून गेले. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे तरुण शिष्यही या मंडळीत आले होते.

कॅमेरा आकार घेऊ लागला होता. आणि अशा वेळी, इ. स. १९१६ मध्ये, आनंदरावांना मृत्यूने अकाली गाठले.

बाबूराव तेव्हा अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. आप्ताचा मृत्यू कोणालाही दुःसहच असतो. पण ज्याच्या हाताला हात लावून आपण रोज काम केले, ज्याला आपल्या मनातील चित्र शब्दांवाचून कळत असे, तो सोबती गेला म्हणजे आपले अर्धे सामर्थ्यच गेल्यासारखे होते. शिवाय बाबूरावांच्या समोर ते अर्धवट यंत्र होते. त्यातील कितीतरी भाग आनंदरावांनी विचार करून बसविलेले. यंत्र मोडीत काढून पुन्हा पडदे रंगवावयास बसणे सोपे होते. पडद्यांना मागणी होती, पोटाची विवंचना मिटली असती, आणि कोणी त्यांना नावेही ठेविली नसती.

बाबूरावांनी ते केले नाही. आनंदराव जेथे थांबले होते तेथूनच त्यांनी काम पुढे चालू केले. दामल्यांचे हात यंत्रविद्येत विलक्षण कुशल होते, त्यांचे मोठे साहाय्य झाले. तरीही कॅमेरा चालता होण्यास दोन वर्षे लागली. इ. स. १९१८ मध्ये त्यातून चित्रे उमटू लागली. भारतात घडविलेला हा पहिलाच चलच्चित्र-कॅमेरा होय. मित्रासाठी शोक करण्याच्या अनेक रीती असतात. बाबूरावांचा स्वभाव मितभाषी, त्यांनी ही रीत पत्करली.

याच सुमारास त्यांनी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ स्थापन केली. पैशाची अडचण होतीच. त्या वेळी तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल पुरविले. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. चित्रपटात काम करणे स्त्रियांना कमीपणाचे वाटत असे, त्यामुळे स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. बाबूरावांनी मात्र या चित्रपटात स्त्रियांकडूनच भूमिका करविल्या. कीचकवधाचे दृश्य तर इतके हुबेहूब उतरले होते की प्रेक्षक हादरून गेले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. ज्या यंत्राने हे यश दिले ते दोघांचे होते. यश पाहावयास मात्र एकटे बाबूरावच उरले होते.

दुर्दैव एवढ्यावरच थांबले नाही. बाबूराव ज्या साली जन्मले त्याच साली जन्मलेले केशवराव भोसले यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांसह संयुक्त ‘मानापमान’ गाजविले. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते दिवंगत झाले. पुढे ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचेही मुंबईत निधन झाले. महाराजांच्या वयाला अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. सहा वर्षांच्या आत जिवाचा सखा गेला, बरोबरीचा कलावंत गेला आणि कलावंतांचा आधारवड उन्मळून पडला.

कंपनीचे काम मात्र अखंड चालू होते. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपली. ‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटात त्यांनी देवदेवतांना बाजूस ठेवून कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी सांगितली. त्यातील अंधूक झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे पाहिलेल्यांना ते चित्र पुढे विसरता आले नाही. दृश्य घेण्यापूर्वी ते स्वतः त्याचे चित्र काढीत. पात्रांचे कपडे, त्यांची उभे राहण्याची ढब, सारे कागदावर आधी ठरलेले असे. जाहिरातीची मोठी चित्रेही तेच रंगवीत. काम मनासारखे उतरेपर्यंत त्यांना घाई नसे. या संथपणाचा सोबत्यांना कधीकधी कंटाळाही येई.

इ. स. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि धायबर हे चौघे कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. हाताखाली वाढलेली माणसे दुरावण्याचे दुःख निराळे असते. तेथे मृत्यूला दोष देता येत नाही. पुढील काळात बोलपटांचे युग आले. बाबूरावांचे मन मूकचित्रांत रमलेले होते, तरी त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट काढले. मूर्तिकामाची आवडही त्यांनी अखेरपर्यंत जपली. कॅमेऱ्यासाठी त्यांच्या खांद्याला खांदा लावणारे दामले १९४५ साली निवर्तले. दोन वर्षांनी शांतारामांच्या संस्थेच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून आपल्या या जुन्या गुरूंनाच पाचारण झाले, आणि बाबूराव गेले.

‘सैरंध्री’ची प्रत आज कोठेही उरलेली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले ते कोल्हापुरातच, जेथे दोन तरुण चित्रकारांनी एका जुन्या प्रोजेक्टरमधील चक्रे न्याहाळली होती.