नांगर घडविणारा आणि नांगर धरणारा

अवजार घडविणारा एक आणि ते चालविणारा दुसरा, ही विभागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही अवघड आहे हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील टॉम मॉरिस हा कारागीर गोल्फच्या काठ्या घडवीत असे आणि स्वतःच खेळाडू म्हणून मैदानात उतरून त्याने १८६१ ते १८६७ या अवधीत चार वेळा खुली अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. काठीचा तोल कोठे चुकला हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नसे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांना हे भाग्य निराळ्या रीतीने लाभले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई त्यांच्याच गावात राहत होता, आणि जवारी नीट लागली की नाही याचा निवाडा करणारा कान हाकेच्या अंतरावर होता. परंतु घडविणारा कारखान्यात आणि वापरणारा शेकडो मैल दूर असेल, तर त्या दोघांचे बोलणे व्हावे कसे? लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सारे आयुष्य या प्रश्नाच्या सान्निध्यात गेले.

हा प्रश्न कारखान्यापूर्वी नव्हता. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या कापूसपट्ट्यातील गावात शेताची अवजारे गावचा सुतार करी आणि त्यांना लोखंड लोहार बसवी. वखर असो, तिफण असो की डवरा असो, ज्याच्यासाठी अवजार करायचे त्याची जमीन सुताराने पाहिलेली असे, त्याचे बैल ओळखीचे असत. दांडी बोटभर लांब हवी असेल, तर ती सांगण्यास अर्ज करावा लागत नसे. मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळे. अवजार बिघडले तर करणाऱ्याला वर्षभर त्याच माणसाच्या तोंडासमोर राहावे लागे. या व्यवस्थेत जातीची जोखडे होती, गरिबी होती, नव्या कल्पनेला वावही थोडा होता; पण घडविणारा आणि वापरणारा यांच्यातील संवाद मात्र अखंड होता. लोखंडी नांगर आला तो हा संवाद तोडून.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. घरात यंत्राची परंपरा कसलीच नव्हती. चित्रकार व्हावे म्हणून तरुण लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे काही काळाने उमगले की आपल्या डोळ्यांना सर्व रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगाची वाट सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले असे दिसताच त्यांनी ती नोकरी सोडली. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झालेला होताच. सायकल विकायची, तर ती चालविण्यासही शिकवायचे, हा त्या दुकानाचा रिवाज होता. वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती दिली की विक्रेत्याचे काम संपते, हा समज या बंधूंना आरंभापासूनच मान्य नसावा.

सायकलीपासून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. विलायती नांगर या देशात येतच होते. तसा नांगर येथे का होऊ नये, ही जिद्द त्यामागे होती. नांगर तयार झाला आणि पडून राहिला. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट किर्लोस्करांच्या चरित्रकथेत नेहमी येते आणि ती ऐकून सुशिक्षित मनुष्य हसतो. शेतकरी अडाणी, कारखानदार द्रष्टा, अशी सोपी वाटणी करून तो पुढे जातो.

ही वाटणी अर्थशास्त्राला पटणारी नाही. लाकडी नांगर माती फाडतो, उलटवीत नाही. पंखाचा लोखंडी नांगर खालची माती वर आणतो. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या वरच्या थरावरच पीक घेतले, त्याला खालची कच्ची माती वर आलेली पाहून शंका आली, तर ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. विष हा शब्द चुकीचा असेल. त्यामागील भय अनुभवाचे होते. शिवाय लाकडी नांगर धान्यावर मिळे, लोखंडी नांगराला रोकड मोजावी लागे. त्याचा फाळ झिजला तर गावचा लोहार तो ओतून देऊ शकत नव्हता. खोल नांगरटीला जोर अधिक लागे आणि बैल तेवढेच होते. एक हंगाम फसला तर सावकाराच्या वहीत नाव चढे. नव्या वस्तूचा लाभ अनिश्चित आणि तोटा जीवघेणा असेल, तेव्हा नकार देणे हा हिशेबच होय. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये ग्रंथ लिहून पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी साधनांचा वापर विचारानेच करतो हे मांडले. बेळगावच्या रानात तो विचार साठ वर्षे आधी उभा होता.

लक्ष्मणरावांचा मोठेपणा असा की त्यांनी हा नकार शेवटचा मानला नाही आणि शेतकऱ्याला दोषही देत बसले नाहीत. नांगराची परीक्षा व्याख्यानात होत नाही, ती तासात होते. नांगर शेतात नेऊन चालवून दाखविणे, ओतकाम सुधारणे आणि झिजलेल्या भागाच्या जागी नेमका बसणारा दुसरा भाग मिळेल अशी सोय करणे, हीच शेतकऱ्याच्या आक्षेपाला खरी उत्तरे होती. हराळी आणि कुंदा मुळासकट निघतो हे डोळ्यांनी दिसले, तेव्हा शेतकऱ्याचा हिशेबही बदलला.

बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी १० हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघाले. घडविणारा आणि वापरणारा यांच्यातील तुटलेले बोलणे छापील कागदावरून पुन्हा जोडण्याचाच तो एक प्रयत्न होता.

मात्र हे नाते एकतर्फी कधीच जिंकता येत नाही, याचा धडा किर्लोस्करवाडीलाही मिळाला. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या होत्या. खेड्यातील घरात बाईला फारसे न दमता आठ तास चालविता यावे, तेवढ्या वेळात १६ हजार फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये आणि दुरुस्ती होईल ती जागच्या जागी. किर्लोस्करवाडीतूनही यंत्र गेले. ते कसोटीला उतरले नाही. बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. कातणाऱ्या हाताचे समाधान करणे हे ओतशाळेतील उत्तमांतील उत्तम कारागिरालाही सोपे नव्हते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने पाहताना हे अपयश आठवावे; ते किर्लोस्करांना कमीपणा आणणारे नाही.

कापूसपट्ट्याने तरी काय केले? काळ्या जमिनीत खोल नांगरट दरवर्षी लागत नाही. तण माजले की काही वर्षांनी नांगर घालावा, एरवी वखरावर भागवावे, हा येथील शेतकऱ्याचा जुना क्रम. त्याने लोखंडी नांगर जेथे हवा तेथे घेतला आणि वखर सोडला नाही. ही हटवादी वृत्ती नव्हे. जाणत्याची निवड होय.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यानंतर बैलांची जागा बऱ्याच अंशी ट्रॅक्टरने घेतली, आणि घडविणारा व वापरणारा यांच्यातील अंतर आणखी वाढले. अवजारे आता अनुदानाच्या यादीतून येतात. यादी करणाऱ्याने शेतकऱ्याची जमीन पाहिलेली असतेच असे नाही, आणि एखादे यंत्र गोठ्याच्या कडेला गंजत पडले की दोष पुन्हा शेतकऱ्याच्या अज्ञानाला दिला जातो. अनुदानाचे एक वैगुण्य असे की ते नकाराचा आवाज दाबून टाकते. अर्ध्या किमतीत मिळते म्हणून घेतलेली वस्तू खपली अशी नोंद होते. ती चालली की नाही हे कोणी विचारीत नाही.

किर्लोस्करांना दोन वर्षे नांगर न खपण्याचा जो अनुभव आला, तो कटू होता. पण तो त्यांच्या धंद्याचा खरा शिक्षक होता. आजच्या योजनाकाराला ही शाळाच उरलेली नाही. ती पुन्हा उघडायची, तर यंत्राचा निवाडा कागदावर न होता तासात व्हावा, आणि नांगर धरणाऱ्याचा नकार सभेच्या इतिवृत्तात त्याच्या कारणांसह लिहिला जावा. लक्ष्मणरावांच्या स्मृतीला हार घालण्यापेक्षा हे अधिक शोभेल.